पदवीनंतरचं पहिलं वर्ष

आमच्या फिजिओथेरपी विभागाच्या संकेतस्थळावर तीन आकडे कुणालाही सहज सापडतील अशा जागी लावावे लागतात. अभ्यासक्रम किती जणांनी पूर्ण केला, त्यांतले किती जण शेवटी परवाना परीक्षा पास झाले, आणि पास होऊन काम शोधणाऱ्यांपैकी कितींना वर्षभरात काम मिळालं. तिन्ही दोन-दोन वर्षांच्या सरासरीनं. पहिला आकडा ८० टक्क्यांच्या, दुसरा ८५च्या किंवा तिसरा ९०च्या खाली गेला की मान्यता देणारी संस्था जाब विचारते. संस्थेचं नाव लांबलचक आहे, कमिशन ऑन ॲक्रेडिटेशन इन फिजिकल थेरपी एज्युकेशन. आम्ही सगळे तिला ‘कॅप्टी’ म्हणतो. अमेरिकेत १९७७पासून हे काम तिच्याकडे आहे. इथल्या ज्या कॉलेजला तिची मान्यता नाही, तिथून बाहेर पडलेल्या मुलाला परवाना परीक्षेला बसता येत नाही, आणि परवान्याशिवाय पेशंटला हात लावता येत नाही. त्यामुळे मान्यता गेली तर कॉलेजचं नाव तर जातंच, पण वर्गात बसलेल्या पोरांचं पुढचं सगळं अडकून पडतं.

मी मिडवेस्टमधल्या एका राज्य विद्यापीठात शिकवते. आमचा ‘डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी’ हा तीन वर्षांचा अभ्यासक्रम. आधी चार वर्षांची पदवी घेऊन मग मुलं आमच्याकडे येतात. २०१५च्या अखेरीपासून या व्यवसायात शिरण्यासाठी अमेरिकेत हीच एक पदवी उरली. शिकवण्याबरोबर विभागाच्या मूल्यमापनाचं काम माझ्याकडे आहे. मुलं काय शिकली, बाहेर पडल्यावर त्यांचं काय झालं, याचे पुरावे वर्षानुवर्षं गोळा करायचे आणि मान्यतेची फेरी आली की विभागाचा आत्मपरीक्षण अहवाल लिहायचा. माझे बरेच सहकारी याला कागदी काम समजतात. मला ते शिकवण्याइतकंच मोलाचं वाटतं, आणि त्याचं कारण मुंबईत आहे.

बी.पी.टीएच. मी मुंबईत केलं. तपासणी समिती येणार असली की कॉलेजात आधीचा आठवडा नुसती धावपळ असायची. एरवी कुलपात असलेली यंत्रं पुसून बाहेर मांडली जायची, भिंतींवर नवे तक्ते लागायचे, आमच्या जर्नलांवर राहिलेल्या सह्या एका दुपारीत उरकल्या जायच्या. समिती यायची, पुस्तकं मोजायची, खोल्यांची लांबी-रुंदी विचारायची, शिक्षकांची हजेरी पाहायची. वर्षभर जे कधी दिसले नाहीत असे एखाद-दुसरे प्राध्यापक त्या दिवशी खुर्चीत बसलेले असायचे. आम्हा मुलांशी समिती बोलली नाही. आमच्या आधीच्या बॅचमधले किती जण आज पेशंट बघताहेत, किती जणांनी व्यवसाय सोडला, किती जण कुठे गेले, हे तिनं कॉलेजला विचारलं नाही. विचारलं असतं तरी कॉलेजकडे सांगायला काही नव्हतं. आम्ही इंटर्नशिप संपवून फाटकाबाहेर पडलो आणि कॉलेजच्या दृष्टीनं तिथेच संपलो.

पण त्याच जागी मी जे शिकले ते आजही कुठल्या निकषात नीट बसवता येत नाही. ओपीडीतल्या बाकांवर सकाळपासून माणसं बसलेली असत. त्यांतल्या कित्येकांच्या लेखी आम्ही ‘शेकवाल्या मॅडम’. जव्हारकडून पहाटेच निघालेली एखादी बाई सेरेब्रल पाल्सीचं मूल कडेवर घेऊन अकराच्या सुमारास पोहोचायची. तिला ‘रोज या’ म्हणण्यात अर्थ नाही, हे आमच्या मॅडमनी सुरुवातीलाच सांगितलं होतं. ती पुन्हा कधी येईल, येईल की नाही, कुणाला ठाऊक? म्हणून मिळालेल्या अर्ध्या तासात मुलाला धरायचं कसं, बसवायचं कसं, भरवताना मान कुठे ठेवायची, पाय कात्रीसारखे आवळले तर ते कसे सोडवायचे, हे त्या आईच्या हातात उतरवायचं. आणि निघण्याआधी ते सगळं तिच्याकडून करून घ्यायचं. ‘तिनं करून दाखवलं नाही तोवर तुम्ही शिकवलेलं नाही,’ असं मॅडम म्हणत. आम्ही विशीच्या आतबाहेरच्या मुली. वाक्य पाठ झालं होतं, त्याचा आवाका कळायला वर्षं गेली. ज्या कसोटीवर मॅडम आम्हाला त्या आईपुढे उभं करत, त्याच कसोटीवर कॉलेजला कुणी उभं करत नव्हतं.

लग्नानंतर मी अमेरिकेत आले. आमच्या पिढीतल्या पुण्या-मुंबईच्या, सांगली-मिरजेच्या कितीतरी फिजिओथेरपिस्ट मुलींची वाट हीच होती. नवऱ्याच्या व्हिसावर यायचं, काम करायला परवानगी नाही, आणि त्या सक्तीच्या रिकाम्या वेळात परवान्याची तयारी करायची. परदेशी पदवीची इथल्या पदवीशी विषयवार तुलना होते. आपल्याकडे बारावीनंतर थेट शरीररचनाशास्त्रात शिरायचं. त्यामुळे वैद्यकीय विषय भरपूर आणि इतिहास, समाजशास्त्र, साहित्य वगैरे जवळजवळ काही नाही. अमेरिकन पदवीत या सामान्य विषयांना पक्की जागा असते. तिथे आमचे श्रेयांक कमी पडायचे आणि ते भरून काढायला ‘क्लेप’ परीक्षा द्यायच्या. शिवाय टोफेल. बोलण्याच्या भागात तीसपैकी २६ गुणांची अट होती, आणि उत्तम काम करणाऱ्या मैत्रिणी त्या २६पाशी पुन:पुन्हा अडत.

अमेरिकेच्या इतिहासाची क्लेप परीक्षा देताना माझा जीव रमला नव्हता. पुढे काम सुरू झाल्यावर व्हिएतनाममध्ये लढलेला, गुडघ्याखाली पाय नसलेला एक वयस्क पेशंट आला. नव्या कृत्रिम पायावर चालायला शिकताना तो आपल्या सक्तीच्या सैन्यभरतीबद्दल बोलू लागला, तेव्हा तो कशाबद्दल बोलतोय हे मला कळत होतं. त्या विषयांना मी निरुपयोगी म्हणायचं सोडून दिलं. फिजिओथेरपिस्ट पेशंटजवळ जेवढा वेळ असतो तेवढा वेळ दुसरं क्वचित कुणी असतं. माणूस समजायला शरीररचनाशास्त्र पुरत नाही.

मग परवाना परीक्षा. ती राज्यांच्या परवाना मंडळांचा महासंघ घेतो आणि ती सगळ्या राज्यांना एकच. आता तीत २२५ प्रश्न असतात. त्यांतले १८० गुणांसाठी धरतात, बाकीचे पुढच्या परीक्षांसाठी चाचपून पाहायचे असतात, पण कुठले कोणते हे परीक्षार्थीला कळत नाही. गुण २०० ते ८००च्या पट्टीवर मोजतात आणि ६०० मिळाले तर पास. मुंबईतल्या आमच्या लेखी परीक्षेत ‘अमुक सांध्याच्या हालचालींचं वर्णन करा’, ‘लघुटीपा लिहा’ असे प्रश्न असत आणि पानं भरली की गुण मिळत. इथले प्रश्न वेगळ्या धाटणीचे. गुडघ्याचा सांधा बदलल्यावर तिसऱ्या दिवशी पेशंट सांगते की पोटरी दुखतेय. पोटरी सुजलेली आहे, हाताला गरम लागतेय. तुम्ही आधी काय कराल? पर्यायांत बर्फ आहे, ताण देण्याचा व्यायाम आहे, पाय उंच ठेवणं आहे. एरवी यांतलं काहीही चुकीचं नाही. पण रक्ताची गुठळी असेल तर? आधी व्यायाम थांबवायचा आणि शस्त्रक्रिया करणाऱ्या टीमला कळवायचं. ही परीक्षा तुम्हाला किती येतं यापेक्षा तुमच्या हाती पेशंट सुरक्षित आहे का, हे पाहते.

हे एवढं महत्त्वाचं का, तर आज अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत पेशंट कुठल्या ना कुठल्या स्वरूपात डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय थेट फिजिओथेरपिस्टकडे येऊ शकतो. कंबर दुखते म्हणून आलेल्या माणसाला लघवीवर ताबा राहत नाहीये, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आहे, हे विचारणारी पहिली व्यक्ती आमची विद्यार्थिनी असू शकते. तिनं विचारलं नाही आणि शेक देऊन घरी पाठवलं, तर त्या माणसाच्या मज्जातंतूंचं कायमचं नुकसान होऊ शकतं. परवाना पदवीधराचा गौरव करायला नाही, त्या कंबर दुखणाऱ्या माणसाला राखायला आहे.

म्हणूनच २०१० साली जे घडलं ते मला अजून अस्वस्थ करतं. परीक्षेतले प्रश्न लक्षात ठेवून बाहेर आणायचे आणि तयारीच्या क्लासांतून पुढच्या मुलांना पुरवायचे, असे प्रकार उघड झाले. महासंघानं इजिप्त, भारत, पाकिस्तान आणि फिलिपिन्स या देशांतल्या पदवीधरांची परीक्षा थांबवली. त्यांच्यासाठी वेगळी परीक्षा काढली गेली. नंतर सगळ्यांना पुन्हा एकाच परीक्षेत आणलं आणि ती वर्षातल्या ठरलेल्या तारखांनाच होऊ लागली. चार देशांतल्या हजारो प्रामाणिक मुलांना त्या निर्णयाची किंमत मोजावी लागली. पण प्रश्न चोरणाऱ्यांनी आधी पेशंटला फसवलं होतं, हे मी आमच्या भारतीय मुलांना प्रत्येक वेळी सांगते. चोरलेल्या प्रश्नावर पास झालेल्या माणसाला ती सुजलेली पोटरी ओळखता येणार नाही.

मान्यतेच्या कामाकडे येते. आत्मपरीक्षण अहवाल पाठवल्यानंतर पाहणी करायला एक छोटी टीम येते. तीत फिजिओथेरपी शिकवणारं कुणी, प्रत्यक्ष काम करणारं कुणी आणि आमच्या व्यवसायाबाहेरचं कुणी असतं. ही माणसं विद्यार्थ्यांना भेटतात तेव्हा शिक्षकांना खोलीबाहेर राहावं लागतं. माजी विद्यार्थ्यांशी, त्यांना नोकरी देणाऱ्यांशी, रुग्णालयांत आमच्या मुलांना शिकवणाऱ्या क्लिनिकल इन्स्ट्रक्टरांशी बोलतात. आमच्या पहिल्या फेरीत पाहणी टीममधल्या एका बाईंनी अहवालातल्या एका वाक्यावर बोट ठेवलं. पदवीधर पेशंटशी संवेदनशीलतेनं वागतात, असं ते वाक्य होतं. ‘कशावरून?’ त्यांनी विचारलं. स्वर अजिबात चढा नव्हता, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. आम्ही इन्स्ट्रक्टरांचे शेरे दाखवले, मुलांच्या रुग्णालयातल्या पहिल्या आणि शेवटच्या प्लेसमेंटमधला फरक दाखवला, नोकरी देणाऱ्यांच्या प्रश्नावलीतली उत्तरं दाखवली. त्या एकेक वाचत गेल्या. मग म्हणाल्या, ‘यात पेशंटनं दिलेलं उत्तर कुठे आहे?’

त्या दिवशी मला मुंबईच्या मॅडम आठवल्या नसत्या तरच नवल. करून दाखवा, एवढंच तर दोघी मागत होत्या. त्यानंतरच्या वर्षी आम्ही शेवटच्या प्लेसमेंटमध्ये पेशंटसाठी चार ओळींचा फॉर्म सुरू केला. पेशंटला काय सांगितलं गेलं, ते त्याला समजलं का, घरी काय करायचं हे त्याच्या शब्दांत त्याला सांगता येतं का. फॉर्म साधा आहे, उत्तरं मात्र झोपेतून जागं करणारी. एकाच मुलीबद्दल इन्स्ट्रक्टर लिहितो, ‘समजावून सांगण्यात उत्कृष्ट’, आणि पेशंट लिहितो, ‘फार भरभर बोलते, मी विचारायला घाबरलो’.

आता त्या दुसऱ्या आकड्याची, परवान्याच्या टक्केवारीची गोष्ट सांगते, कारण तिच्यात चांगलं-वाईट दोन्ही गुंतलेलं आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गात एक मुलगी होती. घरात कॉलेजला गेलेली ती पहिलीच. आई वृद्धाश्रमात मदतनीस. पेशंटच्या पलंगापाशी तिला पाहावं. पक्षाघात झालेल्या माणसाला उठवून बसवताना ती घाई करायची नाही, त्याच्या लुळ्या बाजूला स्वतः उभी राहायची आणि त्याच्या चांगल्या हातापायांना आधी काम करू द्यायची. तिच्या इन्स्ट्रक्टरनं लिहून दिलं होतं की आमच्या रुग्णालयात जागा निघाली तर हिलाच घेऊ. जागा निघाली, तिला मिळाली, परवाना आल्यावर रुजू व्हायचं ठरलं. आणि ती परीक्षेत नापास झाली, ६००ला थोडेच गुण कमी पडून. पुढची तारीख तीन महिन्यांनी. इकडे शिक्षणकर्जाचे हप्ते पदवीनंतर सहा महिन्यांनी सुरू होतात. आमच्याकडून बाहेर पडणाऱ्या अनेक मुलांच्या डोक्यावर लाख डॉलरहून अधिक कर्ज असतं, तिच्याही होतं.

त्या वर्षी आणखी काही जण पहिल्या फेरीत अडकले होते. विभागाची बैठक झाली. एका सहकाऱ्यानं सुचवलं की शेवटच्या सत्रात सराव परीक्षा ठेवू, आणि तीत ठरावीक गुण मिळाल्याशिवाय पदवीच द्यायची नाही. म्हणजे कच्चं मूल परवाना परीक्षेपर्यंत पोहोचणारच नाही आणि आपला आकडा राहील. काही विभाग असं करतात. दुसऱ्या कुणी म्हटलं, प्रवेशाच्या वेळीच पदवीचे गुण जास्त मागू. मी दोन्हींना विरोध केला आणि आजही करीन. पदवी अडवली तर त्या मुलाला आणखी एका सत्राची फी भरावी लागते, कर्ज वाढतं, आणि विभागानं न शिकवलेल्या गोष्टीची शिक्षा मुलाला मिळते. प्रवेशाचा उंबरा उंच केला तर आमची ती मुलगी आत आलीच नसती. ज्यांच्या घरात शिक्षणाची सवय आहे, ज्यांना पदवीच्या वर्षांत अर्धवेळ नोकरी करावी लागली नाही, त्यांचीच भरती होईल आणि टक्केवारी झळकत राहील. असा विभाग मुलांना काही शिकवतोय की आयतीच शिकलेली मुलं गोळा करतोय, हे त्या टक्केवारीवरून कुणालाही ओळखता येणार नाही.

पण नियमातला एक शब्द फार विचारपूर्वक घातलेला आहे. पहिल्याच प्रयत्नात किती पास झाले यावर उंबरा ठेवलेला नाही, तर शेवटी किती पास झाले यावर आहे. त्यामुळे पदवी देऊन निरोप दिलेल्या मुलाशी विभागाचं नातं तुटत नाही. नापास झालेली मुलगी आकड्यात आमचीच राहते. मला हे नैतिकदृष्ट्या योग्य वाटतं. तिची फी आम्ही घेतली. ती पायावर उभी राहीपर्यंत ती आमची जबाबदारी आहे.

तिनं विषयवार गुणांचा अहवाल मागवला. स्नायू-हाडांच्या भागात ती उत्तम होती. हृदय-श्वसनाच्या भागात घसरली होती, आणि तीच काय, अडकलेली बाकीची मुलंही तिथेच घसरली होती. दर शनिवारी आम्ही व्हिडिओ कॉलवर बसू लागलो. प्रश्न वाचताना ती काय करते हे मी तिला मोठ्यानं बोलायला लावलं, तेव्हा एक गोष्ट कळली. प्रत्येक प्रश्नात ती आपला एखादा खरा पेशंट आठवायची आणि उत्तर त्या पेशंटसाठी द्यायची. त्या पेशंटच्या बाबतीत ते बरोबरही असायचं. पण परीक्षेतला पेशंट तेवढाच असतो जेवढा त्या चार ओळींत लिहिलेला आहे. त्याच्याबद्दल न लिहिलेलं काही धरून चालायचं नाही. मी तिला ओळीखाली बोट ठेवून वाचायला लावलं, प्रत्येक उत्तराला ‘हेच आधी का?’ असं विचारत राहिले. पुढच्या तारखेला ती पास झाली. रुग्णालयानं तिची जागा राखून ठेवली होती, याचं श्रेय तिच्या हाताला.

आमच्या विभागासाठी खरं काम त्यानंतर सुरू झालं. हृदय-श्वसनाचा विषय आम्ही पहिल्या वर्षाच्या अखेरीस एकदा शिकवायचो आणि पुढे त्याच्याकडे वळून पाहत नव्हतो. मुलं परीक्षेपुरता रक्तदाब घ्यायची. खांद्याच्या पेशंटचा, गुडघ्याच्या पेशंटचा रक्तदाब घ्यायचं त्यांच्या डोक्यात येत नव्हतं. आम्ही प्रत्येक प्रात्यक्षिक परीक्षेत, विषय कुठलाही असो, नाडी, रक्तदाब आणि श्वसन यांची नोंद सक्तीची केली. व्यायामाआधी आणि व्यायामानंतर. न घेता पुढे गेलं की ती परीक्षा पुन्हा. मुलं कुरकुरली, काही सहकारीही कुरकुरले. मनगटाची तपासणी चालू असताना रक्तदाब कशाला? पण दोन-तीन बॅचनंतर इन्स्ट्रक्टरांच्या शेऱ्यांत एक वाक्य वेगवेगळ्या गावांहून येऊ लागलं, की तुमची मुलं न सांगता रक्तदाब घेतात. एका क्लिनिकमध्ये मानदुखीसाठी आलेल्या माणसाचा रक्तदाब इतका वर निघाला की मुलीनं उपचार सुरूच केले नाहीत, त्याला तातडीच्या विभागात पाठवलं. पुढच्या अहवालात हे सगळं मी क्रमानं मांडलं. टक्केवारी त्या पानाच्या तळाशी होती आणि तिथेच ती शोभत होती.

तिसऱ्या आकड्याबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. इथे फिजिओथेरपिस्टना मागणी आहे, ९० टक्के गाठणं कठीण जात नाही. नोकरी कुठे मिळाली, खेड्यातल्या एकुलत्या एका रुग्णालयात की शहरातल्या खेळाडूंच्या क्लिनिकमध्ये, हे तो आकडा सांगत नाही, आणि मला तेच जास्त जाणून घ्यायचं असतं. पहिल्या आकड्यातली मोकळीक मला बोचते. ८० टक्के म्हणजे पाचातलं एक मूल वाटेत गळलं तरी नियम काही म्हणत नाही. गळलेली मुलं बहुधा पहिल्या वर्षाच्या शरीररचनाशास्त्रात गळतात आणि कर्ज घेऊन घरी जातात. आमच्या विभागात अशा प्रत्येक मुलाशी जाण्याआधी कुणीतरी तासभर बोलतं आणि ते टिपून ठेवतं. कॅप्टी हे मागत नाही. आम्ही करतो.

अलीकडे महाराष्ट्रातल्या फिजिओथेरपी कॉलेजांतले शिक्षक या विषयावर बोलायला बोलावतात. तिथे आता बरंच बदलतंय. राज्याचा २००२चा कायदा आणि त्याखालची ओटी-पीटी कौन्सिल यांमुळे नोंदणी आहेच. पदवी मिळाली, इंटर्नशिप झाली की नोंदणी मिळते. २०२१ साली केंद्राचा आरोग्यसेवा व्यवसायांसाठीचा राष्ट्रीय आयोगाचा कायदा आला आणि त्यात सामायिक एक्झिट किंवा परवाना परीक्षेची तरतूद आहे. मागच्या भारतभेटीत एका कॉलेजात शिक्षकांबरोबर बसले होते, तेव्हा सगळे प्रश्न याच परीक्षेभोवती फिरत होते. प्रश्न कसे असतील, क्लास कधी सुरू करायचे, सराव परीक्षा कुठून घ्यायच्या.

मी त्यांना विनवलं की क्लासांची घाई करू नका. लातूर पॅटर्न आपल्याला चांगला माहीत आहे. गुण कसे वाढवायचे हे महाराष्ट्राला कुणी शिकवायला नको. २०१०मध्ये काय झालं ते मी सविस्तर सांगितलं. पाठांतराची परीक्षा काढली तर पाठांतर मिळेल. तुमच्याकडे ओपीडी आहे, रोज येणारे पेशंट आहेत. आमच्या मुलांना तीन वर्षांत जितके पेशंट दिसत नाहीत तितके तुमच्या इंटर्नला सहा महिन्यांत दिसतात. परीक्षेचे प्रश्न तिथून उचलले जावेत असा आग्रह शिक्षकांनी आयोगाकडे आतापासून धरायला हवा.

मग मागच्या रांगेतल्या एका तरुण शिक्षिकेनं विचारलं, ‘मॅडम, ते सगळं पुढचं झालं. आम्ही उद्यापासून काय करू?’

मी विचारलं, तुमची तीन वर्षांपूर्वीची बॅच आज कुठे आहे? कुणालाच नक्की माहीत नव्हतं. काही जण एमपीटीएच. करताहेत, काही इंग्लंड-ऑस्ट्रेलियात, कुणी एमपीएससीची तयारी करतंय, काही मुलींनी लग्नानंतर सोडलं, बरेच जण स्कूटरवरून होम व्हिजिट करताहेत, अशी ऐकीव माहिती. ‘फोन करा’ म्हटलं. प्रत्येक शिक्षकानं आपल्या वाट्याला थोडी नावं घ्यायची आणि दिवाळीपर्यंत सगळ्यांशी बोलून व्हायचं. काय काम करता, आठवड्यात किती पेशंट, कॉलेजात शिकलेलं काय कामाला आलं, कशाची उणीव भासली, सोडलं असेल तर कशामुळे. कुणाची परवानगी लागत नाही, कुठल्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही.

त्यांनी आमची प्रश्नावली मागितली. ती पाठवण्याआधी मी आणि त्या शिक्षिकेनं रात्री बसून ती बदलली. आमच्याकडे ‘तुमच्या नोकरीदात्याचं मत’ असा एक मोठा भाग आहे. होम व्हिजिट करणाऱ्या मुलाला नोकरीदाता कोण? तो भाग काढून टाकला. त्याजागी तिनं सुचवलेले दोन प्रश्न घातले. पेशंटला घरी शिकवलेले व्यायाम घरातलं कोण करून घेतं? आणि त्या व्यक्तीकडून तुम्ही ते स्वतःसमोर एकदा करून घेतले होते का? पहिल्या खेपेची उत्तरं तिनं नुकतीच पाठवली आहेत. दुसऱ्या प्रश्नाला निम्म्याहून अधिक जणांनी ‘नाही’ लिहिलंय आणि कारण म्हणून ‘वेळ नसतो’. पुढच्या सत्रात इंटर्नशिपच्या लॉगबुकात या नोंदीसाठी एक रकाना वाढवावा म्हणून तिनं विभागप्रमुखांकडे अर्ज दिला आहे. मसुदा मला वाचायला पाठवला होता. मी त्यात रकान्यासोबत नातेवाइकाची सही घ्यावी, एवढीच एक ओळ वाढवून परत पाठवला.